नाव गाळले की अटीही गळतात

मा. संपादक,
स. न.

खेळाडूंच्या शारीरिक तयारीवर लिहिताना दुसऱ्याची आखणी आपली म्हणून छापण्याची सवय बोकाळली आहे. सौजन्याचा मुद्दा घटकाभर बाजूला ठेवू. मूळ नाव गाळले की त्यासोबतच्या अटीही गळून पडतात आणि भुर्दंड खेळाडूला पडतो.

२० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती हा 'चार मिनिटांचा व्यायाम' घ्या. जपानच्या स्पीड स्केटिंग संघाचे प्रशिक्षक इरिसावा कोइची तो वापरत; इझुमी ताबाता यांनी तो प्रयोगशाळेत तपासला आणि १९९६मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. (पद्धतीचे श्रेय ताबाता स्वतः इरिसावांना देतात. त्यांच्यावरून उचलणाऱ्यांना मात्र दोन्ही नावे जड होतात.) मूळ प्रयोग सायकल एर्गोमीटरवरचा, म्हणजे भार मोजता येणाऱ्या जागच्या सायकलीवरचा. भार कमाल ऑक्सिजन-क्षमतेच्या (शरीर जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरते त्या पातळीच्या) सुमारे १७० टक्के, पायडल मिनिटाला ९० फेरे. वेग ८५च्या खाली गेला की थांबायचे. सरावातले तरुणही सात-आठ सेटमध्ये (जोर आणि विश्रांती मिळून एक सेट) गळून जात. आठवड्यात चार दिवस हे. पाचव्या दिवशी ७० टक्के भारावर अर्धा तास सलग सायकल आणि मग फक्त चार सेट. असे सहा आठवडे.

उचललेल्या लेखांत सायकल जाते, बर्पी (खाली वाकून, पाय मागे टाकून पुन्हा उडी मारण्याचा व्यायाम) येते. बर्पीत भार मोजता येत नाही. दमल्यावर आधी कंबर आणि गुडघ्यांची ढब बिघडते, पण कुठे थांबायचे याची खूणच उरलेली नसते. पाचवा दिवस तर कुठेच दिसत नाही.

कमाल नाडीचा अंदाज देणारे '२२० वजा वय' हे सूत्रही असेच बिनधन्याचे फिरते. खरी कमाल नाडी त्याहून दहा-बारा ठोके इकडेतिकडे असू शकते, हे सांगायला मग कुणी बांधील राहत नाही.

'वजन हळूहळू वाढवा' ही सामाईक शिदोरी, तिच्यावर हक्क कुणाचाच नाही. नक्कल पकडायची तर किरकोळ तपशील पाहावेत: उदाहरणातला ८२.५ किलोचा बार, नेमका सातव्या आठवड्यातला हलका सराव, व्यायामांचा तोच क्रम, बेरजेतली तीच चूक. वाक्ये फिरवली जातात, हे बदलायचे राहून जाते.

अशा प्रत्येक लेखासाठी संपादकांनी विचारावे: आखणी कुणाची, कधीची, कोणावर तपासलेली आणि लेखकाने तिच्यात काय बदलले? शेवटचे उत्तर बहुधा मिळत नाही, आणि तेच सर्वांत गरजेचे. 'ताबाता यांच्या पद्धतीवरून. सायकलऐवजी दोरीउड्या, भार मोजलेला नाही' एवढी एक ओळ पुरते.

– एक क्रीडा प्रशिक्षक