पत्रिकेचे चार कोपरे

कोल्हापूर,
८ फेब्रुवारी २०२६

प्रिय भावा,

परवा फोनवर तू विचारलंस नोकरी सोडून नक्की काय करायलायस, आणि नेमकं दारात गिऱ्हाईक उभं, म्हणून मी दोन वाक्यात गुंडाळलं. नंतर मनाला लागून राहिलं, तुला तरी नीट सांगायला पाहिजे होतं. म्हणून आता जेवणं आटपल्यावर बसलोय. लांबलं तर लांबू दे, निवांत वाच.

तर लग्नाच्या पत्रिका करतोय. दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू केलं. पुढच्या खोलीतला आण्णांचा पलंग आत हलवला, तिथं आता कॉम्प्युटर, कटर, घडीची रेघ पाडायचं क्रीझिंगचं हातमशीन आणि सोनेरी वर्ख दाबून बसवायचं एक सेकंडहँड फॉइलिंग मशीन आहे. छपाई बाहेरून करून घेतो. ऑफसेट छपाईचं मोठं मशीन घ्यायची आपली ताकद नाही आणि गरजपण नाही, कारण ऑफसेटला चार रंगांच्या चार प्लेटा काढायला लागतात, मशीन सेट होईपर्यंत कागद वाया जातो, हा खर्च शंभर पत्रिकांना जेवढा तेवढाच हजाराला, मग दीडशे-दोनशे पत्रिका असल्या की डिजिटलच परवडतं. पैशाचं म्हणशील तर थोडं पीएफचं होतं आणि ५० हजारांचं मुद्राचं शिशू कर्ज काढलं. छोट्या धंद्याची 'उद्यम' नोंदणी सरकारी साइटवर फुकट होते, त्याचे एकानं माझ्याकडं दोन हजार मागितले होते. तुझ्या ओळखीत कोण धंदा काढत असेल तर त्याला हे आधी सांग.

दीडशे-दोनशेच का, ते सांगतो, कारण सगळा धंदाच त्यावर उभा आहे. मी प्रेसमध्ये डीटीपीला, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायला लागलो तेव्हा हजाराच्या खाली ऑर्डर यायची नाही. अल्बममधलं शिवकाशीचं तयार कार्ड निवडायचं, त्यावर मजकूर छापून न्यायचा, झालं. आता गावभर व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ जाते. प्रेसमध्ये सगळे म्हणायचे पत्रिकेचा धंदा संपला. मला ते पटायचं नाही, कारण मी बघत होतो ना, पीडीएफ कितीही फिरू दे, अंबाबाईपुढं ठेवायला कागदाचीच पत्रिका लागते, जोतिबाला न्यायला लागते, मामाच्या घरी जाऊन हातातच द्यायला लागते, आणि आत्याला नुसता मेसेज टाकला तर आत्या लग्नाला पाय ठेवत नाही. म्हणजे छापील पत्रिका उरली ती मानाच्या माणसाला. मग ती बारा रुपयांची आणि दहा लग्नांत एकसारखी कशी चालेल? तिच्यावर त्या घराची खूण दिसायला पाहिजे. मी एका पत्रिकेचे ६० ते ७० रुपये घेतो आणि लोक देतात भावा, घासाघीस करतात पण देतात.

पहिलं काम काय केलं तर पत्रिकेचे चार कोपरे मोकळे सोडले. आपल्यात पत्रिका छापून घरात आली की पाटावर ठेवून चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावतात, आणि डिझाइन करणारा नेमकी तिथंच वेलबुट्टी घालतो, वरून चकचकीत लॅमिनेशन, मग कुंकू धरतच नाही, ओघळतं आणि पाकिटाला लागतं. आमच्या आईची ही तक्रार मी लहानपणापासून ऐकतोय. मी लॅमिनेशनच काढून टाकलं. हातकागद घेतला, सुती चिंध्यांपासून करतात तो. ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं की कागद ते आत ओढून घेतो आणि ठसा तसाच राहतो. तुमच्या पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे बघ, १९४० पासूनची, पहिले नमुने तिथूनच आणले. फॉइल मात्र त्यावर सहज बसत नाही, अंग खरखरीत असतं ना, ब्लॉकची, म्हणजे फॉइल दाबायच्या तापलेल्या ठशाची, उष्णता आणि दाब दोन्ही जमवायला लागतं. ते हाताला बसेपर्यंत माझे दोनेकशे कागद गेले.

एक डिझाइन मला स्वतःला फार आवडलंय. पत्रिकेवर देवाचा फोटो घालायला मी आधी नको म्हणतो, कारण लग्नानंतर ती पत्रिका कुठं पडते आणि कुणाच्या पायाखाली येते ते आपण बघितलंय. मग किरणोत्सव डोक्यात आला. मावळतीचं ऊन पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायावर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. तशी तीन घड्यांची पत्रिका केली, मूर्ती कुठंच नाही, नुसती सोनेरी फॉइलची तिरपी किरणं, पहिल्या घडीवर खाली, मग जरा वर, आणि तिसरी घडी उघडली की किरण जिथं पोचतो तिथं नवरानवरीची नावं. राजारामपुरीतल्या एका बाईंनी ती उघडली आणि काही न बोलता परत मिटून परत उघडली. माझं त्या दिवशी पोट भरलं.

आता चूक पण सांगतो, ती लपवली तर पत्राला काय अर्थ. डिसेंबरमधली ऑर्डर. मी जुन्या पत्रिकेची फाइल उघडून त्यातच नवीन नावं टाकली, प्रेसमध्ये रोज असंच करायचो. नवऱ्यामुलाच्या आजोबांच्या नावाआधी 'श्री.' पाहिजे, तिथं आधीच्या घरातलं 'कै.' तसंच राहिलं. प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायचा नमुना, मी मोबाइलवर पाठवलेलं, नवऱ्यामुलाच्या भावानं अंगठ्याची खूण पाठवून 'चालेल' म्हटलं, मी १८० पत्रिका छापल्या. द्यायला मीच गेलो. आजोबांनी स्वतः पहिली पत्रिका हातात घेतली, चष्मा पुसून लावला, वाचत वाचत खाली आले, आणि त्या एका अक्षरावर बोट ठेवून माझ्याकडं बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. मी पाया पडलो आणि सगळा गठ्ठा उचलून परत आणला. कागद संपला होता, सकाळी पुण्याहून एसटीनं मागवला, दोन रात्री जागून सगळ्या नव्या केल्या, आपल्या खर्चानं. दुसऱ्यांदा दिल्या तेव्हा त्यांनी सगळी पत्रिका मोठ्यानं वाचली, घरातले सगळे ऐकत उभे, आणि 'आता बरोबर आहे' एवढंच म्हणाले.

तेव्हापासून मोबाइलवरचं प्रूफ बंद. कागदावर काढून घरी घेऊन जातो, घरातलं सगळ्यात जुनं माणूस बसवतो आणि एकेक नाव मोठ्यानं वाचतो, मग सही घेतो. दोन-दोन तास जातात. पण भावा, त्या दोन तासांतच खरी पत्रिका तयार होते. कोण म्हणतं थोरल्या चुलत्यांचं नाव वर घ्या, कोण म्हणतं किलबिलमध्ये बहिणीचं तान्हं राहिलं, कुणाचं भांडण मिटलेलं असतं म्हणून निमंत्रकांत एक नाव वाढतं.

एका घरी तर अडूनच बसलेलं. मुलगी शिरोळकडची, वडील नाहीत, आईनं एकटीनं वाढवलं, आणि नातेवाइकांचं म्हणणं आईचं नाव नको, काकांच्या नावानं पत्रिका काढा. मुलीचे डोळे भरलेले, आई आत स्वयंपाकघरात. मी बाहेरचा, बोलायचा हक्क नव्हता, तरी बोललो. म्हटलं तुमच्याच तालुक्यातल्या हेरवाडनं २०२२ च्या मे महिन्यात ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, पुढं सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायचं आवाहन केलं, आणि आपण अजून आईचं नाव खाली ढकलायलोय. थोडा वेळ सगळे गप्प. मग काकाच म्हणाले, वहिनीचं नाव वर घाला. 'गं. भा.' लिहिलं नाही, नुसतं 'श्रीमती' आणि पूर्ण नाव, आणि ती ओळ फॉइलमध्ये केली, त्याचे जादा पैसे घेतले नाहीत.

पत्रिकेसोबत बाकीचंपण मागायला लागलेत. मंगलाष्टकांची आठ पानी पुस्तिका, रुखवताच्या चिठ्ठ्या, लाडूच्या डब्यावरची लेबलं, आहेराची पाकिटं. मंगलाष्टकांची पुस्तिका सगळ्यात चांगली जाते, कारण लग्नानंतर तीच कपाटात राहते.

यंदाचं गणित मात्र अवघड आहे. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आलाय, म्हणजे ऐन सीझनचा एक महिना कोरडा. सगळी लग्नं एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात दाटीनं येणार, काम एकदम अंगावर पडणार आणि मग हात रिकामे. त्यात १९ मार्चच्या पाडव्याला शके १९४८ लागतं, त्या संवत्सराचं नाव 'पराभव'. लग्नाच्या पत्रिकेवर 'पराभवनाम संवत्सरे' कोण छापून घेईल सांग! मी आधीच ठरवलंय, नुसतं शके १९४८ लिहायचं, भटजींनापण विचारून घेतलं, त्यांची हरकत नाही.

आता तुझ्याकडं काम आहे, खरं त्यासाठीच एवढं लिहिलं. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधल्या फाइली आणि नवीन युनिकोड फॉन्ट यांचं कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जमत नाही, जोडाक्षरं फुटतात, 'वऱ्हाडी' मधला 'ऱ्हा' तर दर वेळी हातानं जुळवायला लागतो. फॉन्ट कितीही चांगला असू दे, नवरानवरीची नावं त्यात सगळ्यांचीच सारखी दिसतात. मला ती हातानं लिहिलेली पाहिजेत, आणि वर्गाच्या फळ्यावर रोज सुविचार लिहिणारं तुझं अक्षर मी अजून विसरलेलो नाही. ऑफिसातून आल्यावर आठवड्याला चार-पाच नावं जमतील का बघ. कट निबचा पेन, काळी शाई, पांढरा गुळगुळीत कागद, आणि ६०० डीपीआयला स्कॅन, कारण त्यावरूनच फॉइलचा ब्लॉक बनतो, कड जरा जरी पुसट आली तरी ब्लॉक खराब. प्रत्येक नावाचे पैसे मी देणार, मैत्रीत फुकट म्हणून घालवू नको, नाहीतर मी मागणारच नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्याच्या आत कळव, पाडव्यानंतर मला श्वास घ्यायला पण वेळ नसेल.

आई विचारत होती तू कधी येणार, तांबडा-पांढरा करते म्हणाली. ये शिमग्याला. पण त्याआधी एक कर, 'चि. सौ. कां.' एवढंच लिहून पाठव, तुझ्या हातचा 'सौ' कसा येतो ते मला बघायचंय.

तुझाच,
शाळेपासूनचा बाकावरचा