काळ्या ॲलन बोल्टना घाईचे प्लेटिंग नको

महोदय,

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत मी झिंक प्लेटिंगचे, म्हणजे विजेच्या करंटने पोलादावर जस्ताचा थर चढवण्याचे काम बघतो. हल्ली लहान वर्कशॉपवाले 12.9 ग्रेडचे (हा आकडा बोल्टची ताकद सांगतो) काळे ॲलन बोल्ट पिशवीत घालून आणतात. गंज नको, पिवळी चमक हवी आणि माल संध्याकाळपर्यंत हवा, एवढेच सांगतात. बेकिंगचे, म्हणजे प्लेटिंगनंतर माल ओव्हनमध्ये तापवून आत शिरलेला हायड्रोजन घालवण्याचे, नाव काढले की दर वाढतो, मग ते दुसरीकडे जातात.

नेहमीच्या 8.8 च्या बोल्टला या घाईने काही होत नाही. पण 12.9 चे पोलाद फार कडक असते. ॲसिडमध्ये पिकलिंग (गंज काढायची धुलाई) करताना आणि नंतर बॅरलमध्ये करंट चालू असताना हायड्रोजन त्यात शिरतो, आणि वरून बसलेला जस्ताचा थर त्याला सहज बाहेर पडू देत नाही. हा हायड्रोजन कडक पोलादाला ठिसूळ करतो. असा बोल्ट दिसायला उत्तम, टॉर्कही बरोबर घेतो. मग एक-दोन दिवसांनी, मशीन बंद असतानासुद्धा, डोक्याखाली तुटतो. तपासून माल घेणाऱ्याला हे कळणार तरी कसे? मिठाचे पाणी फवारून गंज तपासणाऱ्या सॉल्ट स्प्रे चाचणीत हा दोष दिसत नाही. बोल्ट ताणून किमान 48 तास ठेवावे लागतात.

2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर 96 जाड अँकर रॉडपैकी 32 रॉड ताणल्यावर थोड्याच दिवसांत तुटले. तिथे प्लेटिंग नव्हते, वितळलेल्या जस्तात बुडवलेले रॉड होते. पण कडक पोलाद आणि हायड्रोजन हीच जोडी नडली.

प्लेटिंग केलेल्या बोल्टांच्या आयएसओ 4042 या मानकाप्रमाणे कडकपणा 390 विकर्सच्या वर जाऊ शकत असेल, तर बेकिंगचा विचार करावाच लागतो, आणि 12.9 ची मर्यादा 435 पर्यंत आहे. प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत माल ओव्हनमध्ये गेला पाहिजे, 190 ते 220 अंशांवर, कित्येक तास. तेही पॅसिव्हेशनच्या, म्हणजे जस्तावर पिवळा संरक्षक थर चढवण्याच्या आधी, कारण हा थर त्या उष्णतेत खराब होतो. पिकलिंगही कमीत कमी वेळ, इनहिबिटर (ॲसिडचा पोलादावरचा मारा कमी करणारे रसायन) घालून. ॲसिडऐवजी शॉट ब्लास्टिंग (बारीक छर्रे मारून सफाई) जमले तर फारच चांगले.

खरेदी विभागांना माझी कळकळीची विनंती आहे. ऑर्डरवर बोल्टचा ग्रेड आणि बेकिंगचे तास लिहा, मालाच्या चलानासोबत ओव्हनचा चार्ट मागा, आणि त्याचे पैसे द्या. एवढे शक्य नसेल तर झिंक फ्लेक कोटिंग (जस्ताच्या बारीक पापुद्र्यांचा लेप) घ्या. त्यात करंट लागत नाही. मात्र त्याआधीही ॲसिड टाळायला सांगा.

– एक प्लेटिंग सुपरवायझर, भोसरी