राघूची बदनामी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला पोपटावरचा लेख सोमवारी वाचला. (रविवारचा अंक आमच्या दांडिया बाजारात सोमवारीच उगवतो. त्याबद्दल पुन्हा केव्हा तरी.) लेख खुसखुशीत आहे, पण शेवटी 'पिंजऱ्यात राहून भ्रमिष्ट झालेला पोपट म्हणजे वेडा राघू' असं जे ठोकून दिलं आहे, त्याने चहा घशाखाली उतरेना.

अहो, वेडा राघू हा पोपटच नव्हे! हिरवा रंग सोडला तर दोघांचं काही जुळत नाही. हा चिमणीएवढा, चोच काळी, बारीक, वाकलेली आणि शेपटीतून काडीसारखी दोन पिसं बाहेर आलेली. विजेच्या तारेवरून झेपावून उडती मधमाशी पकडतो, जागेवर परततो, तिला आपटून आपटून नांगीचा बंदोबस्त करतो, मग गिळतो. घरटं म्हणाल तर मातीच्या दरडीत खणलेलं बीळ. ह्यात वेडेपणा कुठला? आमचे गुजराती शेजारी त्याला 'पतरंगो' म्हणतात. त्यांनी त्याच्या डोक्याविषयी शंका घेतलेली नाही.

मला एवढं लागायचं कारण म्हणजे माझं नाव रघुनाथ, घरी राघू. शाळेत फळ्यावर गणित चुकलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "बसा, वेडे राघू." मॅट्रिकपर्यंत तेच नाव चालू राहिलं. पुढे लग्नाच्या मांडवात एका वर्गबंधूने त्याच नावाने खणखणीत हाक मारली. सासऱ्यांनी आईला बाजूला घेऊन विचारलं, "वेडा म्हणजे नेमकं काय?" "पक्ष्याचं नाव आहे हो," हे आईला तीनतीनदा सांगावं लागलं. इतक्या वर्षांनी ते सगळं विस्मरणात गेलं होतं, तर परवा नातू तुमचा अंक नाचवत आला, "आबा, तुम्ही कुठल्या पिंजऱ्यात होता?" स्वयंपाकघरातून हिचं हसू ऐकू आलं. लेखकमहाशयांचे आभार मानावे तेवढे थोडेच.

बरं, पोपट तरी एवढा बावळट कुठे, की कोणाची फजिती झाली की 'त्याचा पोपट झाला' म्हणावं? सयाजीराव महाराजांच्या वेळी इथल्या राजवाड्यात शिकवलेले पोपट चांदीची चिमुकली सायकल चालवून दाखवत, इवलीशी तोफ डागत. पाहुण्या इंग्रजाने ते लिहून ठेवलं आहे. तिथे पोपट होत असेल तर तो पाहणाऱ्यांचा! घोकंपट्टीला गुजरातीत 'पोपटियुं ज्ञान' म्हणतात, ते एक वेळ मान्य. पण पोपटावर पान भरून लिहिताना बडोद्याचं नावही येऊ नये?

जाता जाता, त्याच पुरवणीच्या शब्दकोड्यात 'दोन अक्षरी पक्षी' ह्याचं उत्तर 'बगळा' छापलं आहे. मी 'घार' लिहून बसलो होतो. तेही कोणाकडून तरी मोजून घ्यावं.

दुरुस्ती छापावी. आडनाव छापू नये.

आपला,
रघुनाथ
दांडिया बाजार, बडोदे