चिऊ तुझ्याकडेही राहील

प्रिय निनाद,

काल रात्री फोनवर तू जे बोललास ते डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहायला बसले. लांबलचक होणार आहे, चिऊ झोपली की निवांत वाच. मागून तिचं रडणं ऐकू येत होतं, अनुजाचा ऑफिसचा कॉल चालू होता आणि तू म्हणालास, "आई, ती माझ्याकडे राहतच नाही गं, अनुजानं घेतलं की दोन मिनिटांत गप्प. आईचं ते आईलाच जमतं, नॅचरलच असतं ना ते, तू तर बायोलॉजी शिकवलीस." मी तेव्हा हो हो म्हणून फोन ठेवला आणि मग रात्रभर मलाच बरं वाटेना, कारण तू म्हणतोस तसं ते नाहीये, आणि हे मला माहीत असून मी गप्प बसले.

ज्युनियर कॉलेजात इतकी वर्षं मीही वर्गात हेच सांगत आले की आईपण उपजत असतं, बाप बाहेरचं बघतो, निसर्गानंच तशी वाटणी केलीय. पुस्तकात तेवढंच असायचं आणि घरातही तेच दिसायचं त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. रिटायर झाल्यावर वाचायला वेळ मिळाला आणि या विषयातला, म्हणजे माणसाचा स्वभाव उत्क्रांतीतून कसा घडला याचा रिसर्च कुठल्या कुठे गेलाय ते कळलं. पूर्वी या विषयातल्या संशोधकांचा बराचसा जीव जोडीदार कसा निवडतात यातच अडकलेला असायचा. डेव्हिड बस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८९ साली ३७ संस्कृतींमधल्या १०,०४७ लोकांना विचारलं, भारतही होता त्यात, आणि सगळीकडे साधारण तेच निघालं, पुरुषांना तरुण देखणी बायको हवी, बायकांना कमावता नवरा. २०२० मध्ये ४५ देशांत परत तपासलं तेव्हाही हा फरक दिसलाच, तेव्हा ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण लग्न झालं, मूल झालं, पुढे काय? ते मूल जगवतं कोण? हा प्रश्न बराच काळ मागे पडला होता आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

तो पुढे आणणाऱ्यांत एक बाई आहे सारा हर्डी म्हणून, अमेरिकन. तिचं सुरुवातीचं काम आपल्याकडचं आहे, माउंट अबूच्या वानरांवर, आपल्या काळ्या तोंडाच्या लंगुरांवर. सत्तरच्या दशकात ती तिथे डोंगरात फिरायची. नवीन नर टोळीत आला की तो आधीची पिल्लं मारतो हे तिनं जगापुढे मांडलं म्हणून तिचं नाव झालं, पण मला तिनं पाहिलेली दुसरी गोष्ट जास्त लागली. लंगुराचं पिल्लू जन्मलं की काही तासांतच टोळीतल्या बाकीच्या माद्या ते मागायला येतात, आणि आई देते. एकीकडून दुसरीकडे हातोहात फिरतं ते. याउलट चिंपांझीची आई सुरुवातीचे कितीतरी महिने पिल्लू कुणाला हातात देत नाही. आपण जवळचे चिंपांझीचे, पण या बाबतीत वागतो त्याच्या उलट. बारशाला चिऊ किती मांड्यांवरून फिरली आठव! हर्डीचं म्हणणं असं की माणसाचं मूल इतकं हळू वाढतं आणि त्याला खायला इतकं लागतं, मोठं होईपर्यंत एक कोटीच्या वर कॅलरी, की ते एकट्या आईच्या बळावर कधी वाढलंच नसतं. मदतीला माणसं होती म्हणून माणूस झाला.

मग माणसं म्हणजे कोण, तर आधी आजी. हे वाचताना मी वही घेऊन बसले होते. टांझानियात इयासी तळ्याच्या आसपास हाड्झा नावाचे लोक राहतात, शिकार आणि कंदमुळं यावर जगणारे. क्रिस्टन हॉक्स ही मानववंशशास्त्रज्ञ आणि तिचे सोबती ऐंशीच्या दशकात तिथे जाऊन कोण किती वेळ काय गोळा करतं ते मोजत बसले. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या म्हाताऱ्या बायका काठीनं कडक जमिनीतून कंद उकरायच्या, तरण्या पोरींपेक्षा कमी नाही, उलट जास्तच. आणि गंमत बघ, साधारण दिवसांत मुलाचं वजन वाढणं हे आई किती गोळा करते यावर ठरायचं, पण आई परत बाळंत झाली, तान्ह्यात अडकली, की मोठ्या मुलाचं वजन ठरायचं आजीच्या कामावर. बाईची पाळी पन्नाशीच्या आसपास थांबते आणि त्यानंतरही ती वीस-तीस वर्षं धडधाकट जगते हे कशासाठी, या कोड्याचं उत्तर हॉक्सनं तिथं शोधलं, नातवंडं जगवायला. फिनलंडमध्ये १८व्या-१९व्या शतकातल्या चर्चच्या जुन्या नोंदी तपासल्या, त्यात पन्नाशीनंतर बाई दर दहा वर्षं जास्त जगली की साधारण दोन नातवंडं जास्त निघाली. मी हे वाचलं तेव्हा माझी पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि त्या काळात मला सारखं वाटायचं की आता आपलं काय काम उरलं. तुला हे कधी बोलले नाही. त्या दिवशी फार बरं वाटलं.

आता एक गोष्ट मात्र मला मान्य करायला थोडी जड गेली. रिबेका सिअर आणि रूथ मेस या दोघींनी ठिकठिकाणचे अभ्यास एकत्र करून बघितलं की घरातलं कोण असलं की मूल जगतं. आई गेली की लहान मुलाचं वाईट होतं ते सगळीकडेच. पण त्याखालोखाल आईची आई जास्त भरवशाची निघाली, बापाची आई काही ठिकाणी उपयोगी आणि काही ठिकाणी नाही. आणि बाप? बऱ्याच ठिकाणी बाप असला काय नसला काय, मुलाच्या जगण्यात फारसा फरक दिसला नाही. मला लगेच आपली पद्धत आठवली, पहिलं बाळंतपण माहेरी. अनुजा तीन महिने तिच्या आईकडे होती तेव्हा मला आत कुठेतरी टोचत होतं, नात आपली आणि आपण व्हिडिओ कॉलवर. वाचल्यावर ते टोचणं कमी झालं, तिच्या आईनं जे केलं ते मला जमलं नसतं इतकं मनापासून केलं त्यांनी.

पण थांब, इथेच सावध राहायचं. असा रिसर्च वाचला की लगेच प्रत्येक रूढीला जोडून द्यायचा मोह होतो, बघा आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं वगैरे. माहेरी पाठवण्यामागे सासरी विश्रांती मिळणार नाही हे साधं कारण असू शकतं, त्याला लाखो वर्षांची उत्क्रांती कशाला लागते. गूल्ड आणि लेवाँटिन या दोघा जीवशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच बजावून ठेवलंय की जे जे दिसतं ते कशासाठी तरी घडलेलं असतं असं धरून गोष्टी रचू नका. शिवाय बरेचसे निष्कर्ष अमेरिका-युरोपातल्या कॉलेजच्या पोरांवरून काढलेले. मानसशास्त्राच्या सहा मोठ्या जर्नलमधल्या अभ्यासांत भाग घेतलेले लोक मोजले तर ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले, आणि त्या देशांची लोकसंख्या जगाच्या फक्त १२ टक्के. जोसेफ हेनरिक आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हे जोरात मांडलं. पुढे २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रयोग परत करून बघितले तर जेमतेम ३६ टक्क्यांत आधीसारखा ठाम निकाल आला. म्हणून तुला कुणी रीलमध्ये तावातावानं सांगायला लागला ना, की पुरुष असाच असतो, सायन्स म्हणतं, तर आधी विचार की कुठल्या पुरुषांना विचारलं होतं, किती जणांना, आणि परत कुणी तपासलं का.

आता तुझ्याबद्दल. ते "बापामुळे फरक दिसला नाही" वाचून तू म्हणशील मग मी बरोबरच होतो की. नाही. ते मूल जगतं की नाही याबद्दल आहे, बापाला जमतं की नाही याबद्दल नाही, आणि ठिकाणाप्रमाणे बाप इतके वेगळे निघतात की थक्क व्हायला होतं. मध्य आफ्रिकेत आका लोक आहेत, जाळी लावून शिकार करणारे, नवरा-बायको बाळाला घेऊन बरोबरच जंगलात जातात. बॅरी ह्यूलेटनं तिथं मोजलं तर बाप दिवसाचा जवळपास अर्धा वेळ बाळाला उचलून किंवा बाळाच्या हाताच्या अंतरावर. काँगोतल्या बायाका लोकांत निखिल चौधरी या केंब्रिजच्या संशोधकानं बघितलं तर तान्ह्याला दिवसाला सुमारे नऊ तास कुणाचा ना कुणाचा स्पर्श किंवा लक्ष, आणि सांभाळणारे हात पंधरापर्यंत. पंधरा! तुमच्याकडे दोन आहेत, त्यातले एक तू बाजूला काढून घेतोयस.

आणि शरीरसुद्धा बदलतं रे, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फिलिपिन्समध्ये सेबू शहरातल्या ६२४ तरुणांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, २००५ मध्ये मोजलं. साडेचार वर्षांनी परत मोजलं, आधी अविवाहित असलेले जे मधल्या काळात संसारात पडून बाप झाले होते त्यांचं सकाळचं प्रमाण साधारण २६ टक्क्यांनी उतरलेलं, बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त, आणि त्यातही जे रोज तीन तासांच्या वर बाळाचं करत होते त्यांचं सगळ्यात कमी. टांझानियात त्या हाड्झांच्या शेजारीच दातोगा नावाचे गुरं राखणारे लोक राहतात. हाड्झा बाप मुलांना घेतात, सांभाळतात, त्यांच्यात बापांचं टेस्टोस्टेरॉन बिनमुलांच्या पुरुषांपेक्षा कमी. दातोगांत बाप तान्ह्याकडे फारसा फिरकतच नाही आणि तिथे असा फरकच नाही. शेजारी शेजारी राहणारी माणसं. म्हणजे नुसतं बाप होऊन चालत नाही असं दिसतंय, जवळ असावं लागतं. इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन आणि तिच्या टीमनं मेंदूचे स्कॅन काढले, ज्या घरात आई नव्हती, दोन पुरुषच मूल वाढवत होते. त्या बापांच्या मेंदूतला काळजीनं जागा राहणारा भाग आयांसारखाच पेटलेला, आणि जितका वेळ बाळाजवळ तितकी मेंदूतली ती जोडणी पक्की. टेस्टोस्टेरॉन कमी झालं म्हणजे पुरुषपण गेलं असं कुणी सांगेल, ऐकू नकोस. ते बापपणाला लागणारं वळण आहे.

आता जे सांगायचं म्हणून बसले ते सांगते, आत्तापर्यंत टाळत होते.

तू साडेतीन महिन्यांचा होतास, मी तुला घेऊन माहेरून नुकतीच सांगलीला आले होते. संध्याकाळची वेळ, आजीनं तुला पाय लांब करून पाटावर बसून तेल लावून न्हाऊ घातलेलं, टाळू भरलेली, ओव्याच्या धुरीचा वास घरभर. बाबा ऑफिसातून आले, हातपाय धुतले आणि म्हणाले जरा माझ्याकडे द्या. पूजेचं ताट धरतात ना तसं दोन्ही हात पुढे करून त्यांनी तुला धरलं, अंगाला लावायचं असतं हेही माहीत नव्हतं, कोपर ताठ, श्वास रोखलेला. तू अर्थातच भोकाड पसरलंस. आजी, तुझी आत्या, शेजारच्या काकू सगळ्या हसायला लागल्या, "अरे ते बायकांचं काम, दे इकडे". आणि मी कणकेचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघरातून आले आणि तुला त्यांच्या हातातून घेतलं. तू गप्प झालास. मला तेव्हा चक्क अभिमान वाटला रे. त्यानंतर तू चालायला लागेपर्यंत त्यांनी तुला परत कधी मागितलं नाही. रात्री कधी जाग आली तर दिसायचं, पाळण्याची दोरी धरून उभे असायचे, पाळणा हलत नसला तरी. मी झोपेचं सोंग घ्यायचे. त्यांना जमत नव्हतं असं नव्हतं, आम्ही जमूच दिलं नाही, आणि त्यात पहिला हात माझा होता. तुझ्यात आणि त्यांच्यात जो अवघडलेपणा आहे, फोनवर "जेवलास का, बरं, आईला देतो" इतकाच, त्याची सुरुवात मला त्या संध्याकाळी दिसते.

म्हणून चिऊ रडली की लगेच अनुजाकडे देऊ नकोस. अनुजालाही सांग, कॉल चालू असताना हात पुढे करायचा नाही, भूक लागली असेल तर गोष्ट वेगळी. संध्याकाळचे सात ते नऊ तू घे, रोज. तेल तू लाव, हातावर आधी कोमट करून घे, पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, पायावर वरून खाली. खांद्यावर घेताना तिचं डोकं तुझ्या मानेच्या खोबणीत येऊ दे म्हणजे तुझ्या आवाजाची थरथर तिला लागते, मग काहीही म्हण, तुझं ते कोडिंगचं वाचून दाखवलंस तरी चालेल. पहिले आठ-दहा दिवस रडेल. रडू दे तुझ्या खांद्यावर, तू फिरत राहा.

आम्ही शनिवारी येतोय, सकाळच्या एसटीनं, दुपारपर्यंत स्वारगेटला पोचू, न्यायला येऊ नकोस, रिक्षा करू. अळिवाचे लाडू झालेत, अनुजाला आवडतात म्हणून खोबरं जास्त घातलंय. बाबांच्या दोन जुन्या मऊ धोतरांची दुपटी शिवलीत. काल दुपटी घडी करत होते तर बाबा दारात येऊन उभे राहिले, जरा वेळानं म्हणाले, "माझ्याकडे राहील का गं ती?"

तेव्हा एवढं कर. चहा-बिहा झाला की त्यांना खुर्चीत नाही, पलंगावर भिंतीला टेकवून बसव, आणि चिऊ तूच त्यांच्या हातात दे, कोपर कसं दुमडायचं ते दाखव. ती रडेल. मी मधे येणार नाही, स्वयंपाकघरातच थांबेन.

तुझी,
आई