एकाच अंजिराची दोन रूपे

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि अंजिरांची छायाचित्रे मिळाली. एकाच झाडावर एक फळ लांब मानेचे आणि दुसरे गोल, चपटे, तेव्हा कलमात दोन जाती मिसळल्या असाव्यात, हा तुझा तर्क मला पटलेला नाही. लांबट फळ ज्या फांदीवर आहे ती नीट पाहा. ती करडी, टणक, म्हणजे गेल्या वर्षीची आहे. अंजिराच्या बऱ्याच जातींना दोनदा फळे येतात: आधी जुन्या लाकडावर, ज्यांना ब्रेबा म्हणतात, आणि मागाहून चालू वर्षाच्या हिरव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यात; हाच मुख्य बहार. ब्रेबा फळे पुष्कळदा मोठी आणि निमुळती असतात व त्यांचा गरही वेगळ्या छटेचा असू शकतो. याच फरकाला फसून मी एकदा एकाच झाडाला दोन नावांच्या पाट्या लावल्या होत्या, हे तुला आजवर सांगितले नव्हते.

जात ओळखायची तर मुख्य बहाराचे, पूर्ण पिकून मान टाकलेले फळच हाती घ्यावे, कारण अंजीर शेवटच्या काही दिवसांतच झपाट्याने फुगते आणि त्याआधीचा आकार फसवा असतो. देठाची लांबी, सालीवरच्या शिरा, तळाचा डोळा, म्हणजे तिथले छिद्र, उघडा आहे की मिटलेला, हे टिपून मग फळ उभे चिरावे. केवळ गराच्या रंगावर मात्र भिस्त ठेवू नकोस. जिथे ब्लास्टोफॅगा ही चिमुकली गांधीलमाशी परागण करते, तिथे त्याच जातीचा गर अधिक गडद होतो आणि बिया कुरकुरीत लागतात. पानांचेही तसेच, एकाच झाडावर अखंड आणि पाच खंडांची अशी दोन्ही पाने सापडतात.

तुझ्या छायाचित्रांतले जुळे फळ निव्वळ अपघात आहे. पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचे फळ मात्र मला अस्वस्थ करते. पनाशे जातीत असे पट्टे कोवळ्या फांद्यांवरही दिसतात. तुझ्याकडे ते एकाच फांदीपुरते असतील, तर ते त्या फांदीत झालेले उत्परिवर्तन असू शकेल.

नावाची घाई नको. 'ब्राउन टर्की' हे एकच नाव इंग्लंडात एका अंजिराला आणि कॅलिफोर्नियात दुसऱ्याच अंजिराला दिले जाते! तूर्त त्या पट्टेदार फांदीला दोरा बांध आणि पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा पट्टे उमटले, तर तिची एक काडी माझ्यासाठी राखून ठेव.

तुझा,
सुधीर