दादा, हे आधी तू एकट्याने वाच

बर्मिंगहॅम, रविवार रात्र

प्रिय दादा, स. न.

"ऑपरेशन चांगलं झालं म्हणतेस, मग आई अजून आयसीयूत का?" असं तू विचारलंस तेव्हा बाबा तुझ्या शेजारी होते, म्हणून टाळलं.

ऑपरेशन खरंच चांगलं झालं. कवटी उघडावी लागली नाही. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेली आणि तिथल्या रक्तवाहिनीला आलेल्या, फुटलेल्या फुग्यात प्लॅटिनमची कॉइल (बारीक तारेचं वेटोळं) भरली. पण त्याने फुगा पुन्हा फुटायचं टळतं एवढंच. आधी सांडलेलं रक्त मेंदूभोवती राहतंच, आणि त्याने आसपासच्या रक्तवाहिन्या आखडतात. चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत धोका जास्त, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

सातव्या दिवशी दुपारी आईला 'चमचा' म्हणता येईना. चमचा हातात, आणि ती माझ्याकडे बघतेय. मग उजव्या हातातून चमचाही गळला. लगेच स्कॅन, आणि आखडलेल्या वाहिन्यांतून रक्त पुढे पोचावं म्हणून बीपी वाढवायचं औषध. वाढवायचं, दादा! इतकी वर्षं आपण तिच्यापासून लोणच्याची बरणी लपवली. सकाळी हात उचलला तिने. शब्द अजून अडतात.

त्यात रक्तातलं सोडियम १२७ पर्यंत उतरलं, म्हणून मीठ देताहेत. पाणी मात्र तोडत नाहीत, अंग कोरडं पडलं तर मेंदूला रक्त आणखी कमी पोचेल म्हणून. रक्तवाहिन्या आखडून मेंदूला होणारी इजा कमी व्हावी म्हणून निमोडिपिन नावाचं औषध दर ४ तासांनी, मध्यरात्रीही उठवून, २१ दिवस.

डोक्यातून एक नळी बाहेर काढलीय, कारण मेंदूतलं पाणी तुंबतं. तिच्या बाटलीची उंची कानाच्या रेषेवरून लावतात. त्यासाठी नर्स चक्क पाणसळ घेऊन येते, बाबांच्या थैलीत असायची तशीच! मी न विचारता पलंगाचं डोकं वर केलं तर केवढी ओरडली. पाणी आधी लालभडक होतं, आता फिकट चहासारखं. पण नळी बंद करून पाहिली की आई पेंगते. म्हातारपणी असं जास्त होतं म्हणे. बहुतेक शंट बसवतील: कातडीखालून डोक्यापासून पोटापर्यंत नळी, कायमची.

दिवेलागणीला ती भरकटते. नर्सला विचारते, "दळण आणलंस का गं?" ती बिचारी मान डोलावते. ७४ वर्षांच्या मेंदूला आयसीयूत दिवसरात्र कळत नाही. चष्मा आणि कानाचं यंत्र लावून ठेवलं की जरा बरी असते.

बाबांना शंटचं आत्ता नको सांगूस. पाणसळीचं सांग. आणि त्यांच्या आवाजात रोजचं काहीबाही रेकॉर्ड करून पाठव, गोठा, पाऊस, कोण आलं-गेलं. रडू नका म्हणावं, आणि जरा मोठ्याने बोला.

तुझी,
छोटी