लेकींच्या वंशशाखेविषयी मित्रास पत्र

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीत लेकींच्या वंशशाखा घ्याव्यात की नाही, यावरून तुमच्या मंडळात मतभेद झाल्याचे तुझ्या पत्रातून कळले. इथे वॉशिंग्टनमध्ये ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन’ ही संस्था आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात भाग घेतलेल्यांच्या वंशातील स्त्रियांची ही संस्था असून तिच्या ग्रंथालयात मी अलीकडे नियमित जातो. तिचा इतिहास तुझ्या प्रश्नाला थेट भिडणारा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ती जन्मली तीच मुळी लेकींना वगळण्यातून. १८८९ साली पुरुष वंशजांची संस्था निघाली आणि पुढच्याच वर्षी तिने स्त्रियांना सभासद करून घ्यायचे नाही, असे ठरवले. तेव्हा मेरी लॉकवूड यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये न्यू जर्सीच्या हॅना आर्नेटची कथा लिहिली. १७७६ साली तिच्या घरी जमलेले पुरुष इंग्रजांच्या अभयदानाला मान तुकवण्याच्या बेतात असताना ही बाई पुढे झाली आणि ‘ते स्वीकारलेत तर मी तुमचे घर सोडीन’ असे तिने नवऱ्याला भर बैठकीत सुनावले. अशा स्त्रियांची आठवण कोण ठेवणार, हा लॉकवूड यांचा सवाल होता. ११ ऑक्टोबर १८९० रोजी स्त्रियांची संस्था स्थापन झाली आणि राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांच्या पत्नी कॅरोलिन तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

सभासद होण्यासाठी अठरा वर्षे पूर्ण झालेली स्त्री थेट वंशज असली पाहिजे. मात्र वंश आईकडून आला की वडिलांकडून, याला महत्त्व नाही. पूर्वजाने बंदूकच हाती धरलेली असावी असेही नाही. सैन्याला धान्य पुरवणारा, गावच्या समितीवर काम करणारा किंवा नव्या राज्याशी निष्ठेची शपथ घेतलेला माणूसही चालतो. पुराव्याच्या बाबतीत मात्र ही मंडळी फार कडक आहेत. प्रत्येक पिढी पुढच्या पिढीशी जन्म, विवाह, मृत्यू यांच्या कागदांनी जोडावी लागते. ‘आमच्या घरात असे सांगतात’ एवढ्यावर भागत नाही. १८५० पूर्वीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असे आणि बायकामुलांची नुसती संख्या, त्यामुळे आजीचे नाव शोधताना माणूस मेटाकुटीला येतो. मला सर्वांत हेलावून गेलेले कागद सैनिकांच्या विधवांचे आहेत. निवृत्तिवेतनासाठी आपला विवाह सिद्ध करायला कित्येकींनी घरच्या बायबलमधली जन्म-विवाहाच्या नोंदींची पाने फाडून सरकारकडे पाठवली. ती पाने सरकारी दप्तरात आजही आहेत.

ज्या संस्थेचा जन्म अन्यायातून झाला, तिनेच पुढे दुसऱ्यांवर अन्याय केला, हेही तुला सांगितले पाहिजे. १९३९ साली कृष्णवर्णीय गायिका मेरियन अँडरसन यांना संस्थेने आपले सभागृह नाकारले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्यावर सभासदत्वाचा राजीनामा दिला आणि ९ एप्रिलला लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवरून अँडरसन पाऊण लाख श्रोत्यांसमोर गायल्या. कृष्णवर्णीय वंशजांपुढची अडचण तर आणखी खोल होती, कारण १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या याद्यांमध्ये वय आणि लिंग लिहिलेले आहे, पण नाव बहुधा नाहीच. तरीही डेट्रॉइटच्या कॅरेन फार्मर यांनी एक एक दुवा जुळवला आणि १९७७ साली त्या सभासद झाल्या. त्यानंतरही वॉशिंग्टनच्या लीना फर्ग्युसन यांना स्थानिक शाखेत प्रवेशासाठी झगडावे लागले. १९८४ साली तडजोड झाली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या प्रवेशावर समाधान मानले नाही. या युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीयांची नावे संस्थेने शोधावीत, हेही त्यांनी मान्य करून घेतले. पुढे संस्थेने आफ्रिकी आणि मूलनिवासी वंशाच्या योद्ध्यांची मोठी यादी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. २००८ च्या आवृत्तीत साडेसहा हजारांहून अधिक नावे आहेत. माझ्या मते संस्थेने आजवर केलेले हे सर्वांत मोलाचे काम आहे, कारण कडक पुराव्याची तीच शिस्त इथे विसरलेल्यांच्या कामी आली.

ते युद्ध चालू असतानाच आपल्याकडे पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले होते. १७७९ साली वडगावला लढलेल्या तुमच्या पूर्वजांचे कागद तुम्ही शोधत आहात, हे फार चांगले आहे. परंतु त्यांच्या लेकी ज्या घरांत गेल्या, ती घरेही त्यांचीच वंशज आहेत. पुरावा सर्वांना सारखाच मागा, पण लेकीची शाखा आहे एवढ्या कारणाने कुणाचा अर्ज परत करू नका. मंडळाच्या बैठकीत हे माझ्या नावाने मांडलेस तरी चालेल. माझ्या आजीचे माहेर तुमच्याच कुळातले आहे, हे तू जाणतोसच. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत तिच्या वडिलांची नोंद असेल तर छायाचित्र काढून पाठव, मी तिच्या शाखेचा तक्ता पुराव्यांसह तयार करून देतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव